गावाला हमी, शहराला नाका

१९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. म्हणजे तान्ह्या पोरांपासून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे धरले, तरी दर दहा माणसांमागे एक जण खडी फोडत होता, पाझर तलावाची माती वाहत होता किंवा रस्त्याचा भराव टाकत होता. कामावर सुकडी मिळे, रेशनच्या दुकानात परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे. मजुरी तुटपुंजी होती आणि हजेरीपटावर नाव लागावं म्हणून मुकादमाच्या विनवण्या कराव्या लागत. पण लागोपाठच्या वर्षांत पिकं बुडूनही राज्यात भूकबळींची साथ आली नाही. जाँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी या दुष्काळाचा पुढे बारकाईने अभ्यास केला. धान्याचं उत्पादन निम्म्याखाली घसरलेलं असताना माणसं जगली, ती मुख्यतः या कामांच्या मजुरीवर, हा त्यातून निघालेला निष्कर्ष आजही कुणी खोडून काढलेला नाही.

काम नाहीसं होतं तेव्हा सरकारने काय करावं, हा प्रश्न आता पुन्हा ऐरणीवर आला आहे. त्याचं उत्तर शोधायला महाराष्ट्राला परदेशात डोकावण्याची फारशी गरज नाही. इथे दीडशे वर्षांत बहुतेक सगळे प्रकार करून झालेत: उपासमारीची मजुरी, कायद्याची हमी, कारखाना बंद पडल्यावरची भरपाई, मंडळांमार्फत बँकेत टाकलेले दोन हजार रुपये, तरुणांना सहा महिन्यांचं विद्यावेतन. यांतलं काय टिकलं आणि काय वाहून गेलं, हे एकत्र पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्या मदतीमागे कामगाराचा हक्क होता आणि त्या हक्कासाठी वेगळा काढलेला पैसा होता, तीच वाईट वर्षांत उभी राहिली. बाकीची मदत सरकारच्या मर्जीने आली आणि मर्जीनेच गेली.

सुरुवात कटू आहे. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात सर रिचर्ड टेम्पल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामांवरची मजुरी इतकी खाली आणली की धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर एवढंच हातात पडे. घरापासून लांब, छावणीत राहून काम करण्याची अट होती. खरा गरजू असेल तोच एवढ्या हाल-अपेष्टा सोसून येईल, हा त्यामागचा हिशोब. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी १८७७ साली ही अट आणि ही मजुरी नाकारली आणि हजारोंनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगाने नियम घालून दिले आणि मागेल त्याला काम हे तत्त्व कागदावर आलं. सोबत संशयही आला: मजूर फसवायला आलेला आहे, म्हणून काम असं कष्टाचं ठेवा की नको तो येणारच नाही. या संशयाचं आयुष्य फार मोठं निघालं. रोजगार हमीच्या मजुराचा दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती २०२३ साली आली. ती वाचताना मला टेम्पलसाहेबाचीच आठवण होते. डोंगराळ पाड्यावर रेंज नसते, फोटो चढत नाही आणि त्या दिवसाची मजुरी बुडते.

संशयाच्या जागी विश्वास ठेवून पाहणारा माणूस सांगली जिल्ह्यातला होता. वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या आपल्या विसापूर परिसरात त्यांनी साठच्या दशकात एक प्रयोग केला. शेतात काम नसलेल्या महिन्यांत जो मागेल त्याला गावाजवळ काम द्यायचं आणि ते काम जमीन-पाण्याचं असावं, एवढंच त्याचं सूत्र होतं. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना त्यांनी ही कल्पना पटवली. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ग्रामीण गरिबाला जगवायचं तर सार्वजनिक कामांना पर्याय नाही, असं त्यांनीही मांडलं होतं. १९७२ साली योजना जाहीर झाली. लगेच दुष्काळ कोसळल्याने ती दुष्काळी कामांत विरघळली, दुष्काळ ओसरल्यावर पुन्हा उभी राहिली. संघटना, मोर्चे, शेतमजुरांचे घेराव यांचा दबाव सतत होता. शहाद्याच्या श्रमिक संघटनेपासून लाल निशाण पक्षापर्यंत अनेकांनी हा प्रश्न रस्त्यावर तापता ठेवला. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा कायदेशीर हक्क नागरिकाला देणारा असा कायदा देशात तोवर दुसऱ्या कुठल्याही राज्यात नव्हता.

या कायद्याचा खरा कणा मात्र दोन वर्षं आधीच घडला होता. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. पगारदार, डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्याकडून दरमहा थोडी रक्कम घ्यायची. तिच्या जोडीला मोटार वाहनांवरचा, बागायती जमिनीवरचा, शहरातल्या बिगरनिवासी जागांवरचा जादा कर लावायचा. जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि हा सगळा पैसा रोजगार हमीसाठी राखून ठेवायचा. मुंबई-पुण्याच्या कारकुनाने मराठवाड्याच्या शेतमजुराची मजुरी भरायची, असा हा करार होता. स्वतंत्र भारतात कर लावून एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाला थेट काम देण्याचं इतकं स्पष्ट उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी अर्थखात्याच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं, पैसा आधीच बाजूला काढलेला असे. पुढे या निधीची वसुली आणि त्यातून प्रत्यक्ष झालेला खर्च यांत मोठी तफावत पडू लागली आणि तो पैसा दुसरीकडे वळत असल्याची टीका वारंवार झाली. ती टीका रास्त होती.

कायद्यातल्या उणिवाही सुरुवातीपासून होत्या. काम सुरू करायला पन्नास मजूर जमायला हवेत, ही अट लहान वाड्या-पाड्यांच्या मुळावर आली. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकार भत्ता मिळायचा, पण तो दिवसाला एक रुपया होता आणि तोही हातात पडलेला माणूस शोधावा लागे. कामं बांधकाम खातं, पाटबंधारे खातं, वनखातं यांच्या सोयीने निघत. एकाच रस्त्याचा मुरूम दरवर्षी वाहून जाई आणि दरवर्षी पुन्हा टाकला जाई. मजुरी केलेल्या मातीच्या मापावर ठरत असल्याने चौकडी कोण मोजतो आणि किती मोजतो, यावर घरात भाकरी किती भाजायच्या ते ठरे. घोटाळे झाले, खोटे हजेरीपट भरले गेले. हे सगळं खरं असूनही कामावर येणाऱ्यांत जवळपास निम्म्या बाया होत्या, ही गोष्ट मी या योजनेची सगळ्यात मोठी कमाई मानतो. शेतात बाईला पुरुषाच्या निम्मी-पाऊण मजुरी देणारा गाव सरकारी कामावर तिला पुरुषाइतकीच मजुरी मिळताना पाहत होता.

आणि १९८८ साली एक धडा मिळाला, जो अजूनही नीट वाचला गेलेला नाही. न्यायालयीन लढ्यानंतर हमीची मजुरी किमान वेतनाला जोडली गेली आणि ती एकदम दुपटीच्या जवळ गेली. मजुरी वाढली तर येणारे मजूरही वाढायला हवेत. पण झालं उलटं. पुढच्या काळात कामांवरची उपस्थिती घटली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले, तेव्हा कारण दिसलं: खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी यंत्रणेने नवी कामं काढणंच कमी केलं. हमी कायद्यात शाबूत होती, फक्त मजूर काम मागायला गेला की काम निघालेलं नसे. रोजगार हमी मोडायला कायदा बदलावा लागत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं.

त्याच काळात एक चांगला फाटा फुटला. १९९० नंतर लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर फळबाग लावण्याचा खर्च हमीतून मिळू लागला. खड्डे खोदण्याची, रोपं लावण्याची, ती जगवण्याची मजुरी सरकारने द्यायची आणि झाड शेतकऱ्याचं. कोकणातला आंबा-काजू, सोलापूर-सांगलीकडचं डाळिंब, मराठवाड्यातलं सीताफळ यांच्या बागा या राज्यात पसरल्या, त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. जवाहर विहिरीही याच वाटेने आल्या. हमीच्या कामांतून काहीच टिकाऊ उभं राहत नाही म्हणणाऱ्यांनी सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागा आधी पाहाव्यात. भूमिहीन मजुराला मात्र या फाट्यातून रोजाच्या मजुरीपलीकडे काही मिळालं नाही, हेही मान्य करायला हवं.

२००५ साली केंद्राने महाराष्ट्राचाच नमुना समोर ठेवून देशभरासाठी कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ला आंध्रातल्या अनंतपूर जिल्ह्यातून त्याची सुरुवात झाली. कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस, घरापासून पाच किलोमीटरच्या आत, मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, एक तृतीयांश जागा स्त्रियांना, मजुरी थेट बँकेत किंवा पोस्टात. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा, आणि शंभर दिवसांपुढचा भार महाराष्ट्राने स्वतः उचलायचा. ज्या राज्याने ही कल्पना जन्माला घातली, ते सुरुवातीच्या वर्षांत आंध्र आणि राजस्थानच्या मागे पडलं, याची खंत वाटते. खात्यांच्या हातातली कामं ग्रामपंचायतीकडे द्यायला इथली यंत्रणा तयार नव्हती. ग्रामरोजगार सेवकाला मिळणारं मानधन इतकं तुटपुंजं होतं, की तो मस्टर सांभाळायचा की स्वतःचं शेत, असा पेच असे.

या कायद्यात सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे नमुना ४. मजुराने काम मागण्याचा हा अर्ज. तो दिल्यावर नमुना ५ची तारीख घातलेली पोचपावती मिळायला हवी. पावती मिळाली की पंधरा दिवसांचं घड्याळ सुरू होतं, काम मिळालं नाही तर भत्ता लागू होतो. म्हणूनच ती पावती सहजासहजी दिली जात नाही. अर्ज तोंडी घ्यायचा किंवा काम निघाल्यावर मागची तारीख टाकून घ्यायचा, हा अनेक गावांतला रिवाज आहे. मागणीच नोंदली नाही की मागणी नव्हती असं दप्तर सांगतं आणि मग राजधानीत बसलेला अधिकारी म्हणतो, लोकांना आता या कामाची गरज उरली नाही. देशभरात कुटुंबाला सरासरी पन्नासच्या आसपास दिवस काम मिळत आलं आहे. शंभराची हमी निम्म्यावर अडकते, यातला मोठा भाग या न दिलेल्या पावत्यांचा आहे असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी अडचण मजुरीच्या उशिराची. बीडच्या ऊसतोड कामगाराचा हिशोब मांडून पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम येतो आणि एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, उचल देतो. ही उचल लाखाच्या घरात जाते. त्यातून मागचं कर्ज फिटतं, पोरीचं लग्न होतं, म्हाताऱ्याचं औषध येतं. मग सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाचटाच्या कोपीत राहून ती उचल फेडायची. हमीचा २०२५-२६चा दर महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होता. शंभर दिवस पूर्ण मिळाले, तर घरात एकतीस हजार रुपये येतात, आणि तेही काम झाल्यावर, माप झाल्यावर, दिल्लीहून निधी सुटल्यावर. उशीर झाला तर भरपाई आहे दिवसाला ०.०५ टक्के. मुकादम पैसे आधी देतो आणि सरकार नंतर देतं, तोवर बीड, धारूर, पाथर्डीकडची गावं दिवाळीनंतर ओस पडणारच. स्थलांतर थांबवायचं असेल तर कामं ऑक्टोबरच्या आधी मंजूर हवीत आणि पहिल्या आठवड्याची मजुरी दुसऱ्या आठवड्यात हातात हवी. बाकी सगळी भाषणं आहेत.

हमीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रार गावोगावी ऐकू येते आणि तिची टिंगल करणं चुकीचं आहे. पाच एकरांचा कापूसवाला स्वतःच तोट्यात आहे, त्याला वेचणीला वाढीव दर परवडत नाही. पण ज्याला तो तोटा म्हणतो, त्यातच मजुराचा मुख्य फायदा दडलेला आहे. आंध्र प्रदेशात स्मार्टकार्डांनी मजुरीचं वाटप सुधारलं, तेव्हा कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठा अभ्यास केला. गरीब घरांचं उत्पन्न वाढलं, आणि त्या वाढीचा बहुतेक भाग योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हता, तो बाहेरच्या मजुरीचे दर वाढल्याने आला होता. हमीच्या कामावर न जाणाऱ्या मजुरालाही हमीचा लाभ होतो, कारण त्याला नाही म्हणता येतं. शेतकऱ्याचं दुखणं मालाच्या भावात आहे. ते मजुराच्या पोटातून वसूल करण्याचा कुणाला अधिकार नाही.

२०२०चा एप्रिल आला तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. टाळेबंदीच्या त्या तिमाहीत सरकारी पाहणीनुसार शहरातली बेरोजगारी जवळपास २१ टक्क्यांवर गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मजूर गावी जायला रुळांवरून चालत निघाले होते. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांच्यातले १६ जण गेले. केंद्राने त्या वर्षी हमीच्या तरतुदीत ४० हजार कोटींची भर घातली. वर्षभरात साडेसात कोटी कुटुंबांनी काम केलं, ३८९ कोटी मनुष्यदिवस भरले, आदल्या वर्षीच्या जवळपास दीडपट. योजना आधीपासून उभी होती, जॉब कार्डं होती, मस्टर होतं, म्हणून हे शक्य झालं. संकटात नवी योजना आखायला बसलो असतो तर नियमावली छापून होईपर्यंत पावसाळा संपला असता.

परिस्थिती निवळताच हात आखडला गेला. २०२३-२४च्या अर्थसंकल्पात तरतूद ६० हजार कोटींवर आणली. ती पुढे वाढवावी लागली, तोवर मजुरीची थकबाकी साचली. आणि २०२५च्या डिसेंबरात संसदेने २००५च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस शंभराचे सव्वाशे झाले, ही वाढ वरवर स्वागतार्ह आहे. पण बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० झाली, कुठल्या राज्याला किती पैसा हे केंद्र आधीच ठरवणार, त्यावरचा खर्च राज्याचा, आणि शेतीच्या हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची मुभा. १९८८चा धडा ज्याला आठवतो, त्याला यातली भीती लगेच कळेल. मागणीवर चालणारी हमी आता वाटपाच्या मर्यादेत बसवली जाते आहे. महाराष्ट्रापाशी स्वतःचा कायदा आहे आणि स्वतःचा कर आहे. राज्याने मनात आणलं तर ही मर्यादा झुगारता येईल.

आता शहराकडे वळू. इथे आढावा घ्यायला गोष्टीच कमी आहेत, हीच खरी कैफियत आहे.

१८ जानेवारी १९८२ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. संप रीतसर कधी मिटलाच नाही. लाखाहून अधिक माणसं कामाला कायमची मुकली. गिरणगावातल्या खोल्या विकून कोकणात, साताऱ्यात, सांगलीकडे परतली किंवा वडापावची गाडी आणि भाजीची टोपली घेऊन रस्त्यावर बसली. राज्याच्या राजधानीत इतकी मोठी बेकारी एका झटक्यात आली आणि तिच्यासाठी सरकारपाशी काहीही तयार नव्हतं. १९८६ साली केंद्राने गिरणी कामगार पुनर्वसन निधी काढला. त्यात पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत होती. उतरत्या पायऱ्यांची ही रचना मुळात शहाणपणाची होती, माणसाला सावरायला तीन वर्षं मिळत. पण गिरणी कायमची आणि कायद्याने बंद झालेली असावी, अशी अट होती. ज्या गिरण्या कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात मेलेल्या होत्या, त्यांचे कामगार दाराबाहेरच राहिले. पुढे १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचं ठरलं, २००१च्या दुरुस्तीने तेही आक्रसले. घराच्या सोडतीत नाव येण्याआधी कित्येक गिरणी कामगार निघून गेले आणि त्यांची पोरं अजून आझाद मैदानात बसतात.

संघटित कामगाराला आज काय मिळतं? औद्योगिक कायद्याने कपातीच्या वेळी प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत नव्वद दिवसांपर्यंतची मदत, सुरुवातीला पगाराच्या २५ टक्के, करोनाकाळात ५० टक्के, आणि तीही आयुष्यात एकदाच. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी पुनर्कौशल्य निधीतून आणखी पंधरा दिवसांचा पगार जोडला. पण त्याच संहितांनी सरकारी परवानगीशिवाय कपात करण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली. एका हाताने पंधरा दिवस दिले आणि दुसऱ्या हाताने दार उघडून ठेवलं.

असंघटितांची कथा याहून वेगळी. सकाळी सात वाजता मुंबईच्या नाक्यावर, पुण्याच्या मजूर अड्ड्यावर, नागपूरच्या ठिय्यावर उभे असलेले गवंडी, बिगारी, रंगारी, सेंट्रिंगवाले कुठल्याच पगारपत्रकावर नाहीत. देशातल्या दर दहा कामगारांतले सुमारे नऊ असे आहेत. जर्मनीत मंदी आली की कामाचे तास कमी करून गेलेल्या पगाराचा ६० टक्के, घरात मूल असेल तर ६७ टक्के भाग सरकार भरतं. २०२०च्या एप्रिलमध्ये साठ लाख जर्मन कामगार त्यावर होते. अमेरिकेने त्या वर्षी बेकार भत्त्यावर आठवड्याला सहाशे डॉलरची भर घातली. या योजना आपल्याकडे आणा म्हणणारे एक विसरतात, की तिकडे मालकाच्या वहीत कामगाराचं नाव असतं. इथे पहिलं काम नाव लिहिण्याचं आहे.

ते काम होऊ शकतं, हेही महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या लढ्याचं ते फळ. पाठीवर पोती वाहणारा हमाल मंडळात नोंदला गेला, व्यापाऱ्याने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, वैद्यकीय मदत मिळायची. मालक कायमचा नसला तरी कामगाराला कायमचं संरक्षण देता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. बांधकाम कामगारांसाठी १९९६च्या केंद्रीय कायद्याने बांधकामांवर एक टक्का उपकर लावला. करोनाकाळात महाराष्ट्राने याच मंडळातून नोंदीत कामगारांच्या खात्यात आधी दोन हजार, नंतर तीन हजार, २०२१ साली पंधराशे रुपये टाकले. पण नोंदीसाठी वर्षातले नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि नाक्यावरच्या माणसाला तो देणार कोण? आज एक ठेकेदार, उद्या दुसरा. उपकर गोळा होतो, मजूर नोंदीबाहेर राहतो. २०२१च्या एप्रिलमध्ये घरकाम करणाऱ्या बायांना, फेरीवाल्यांना, रिक्षावाल्यांनाही पंधराशे रुपये जाहीर झाले. शिवभोजन थाळीने त्या दिवसांत अनेकांची दुपार भागवली आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. तरीही पंधराशे रुपयांत मुंबईत खोलीचं भाडंसुद्धा निघत नाही.

शहरी रोजगार हमी अशक्य आहे, हा युक्तिवाद आता टिकत नाही. केरळने अय्यंकाळींच्या नावाने ती २०१० साली सुरू केली. ओडिशा, झारखंड, हिमाचल यांनी २०२० साली आपापल्या परीने ती आणली. राजस्थानने २०२२ साली शंभर दिवसांची शहरी योजना काढली, पुढच्या वर्षी कायदाही केला. झाडं जगवणं, नाले साफ करणं, शाळा रंगवणं, विहिरी-बारवांची दुरुस्ती, वृद्धांची देखभाल: नगरपालिकांपाशी न झालेल्या कामांचा डोंगर आहे. या राज्यांत कामावर येणाऱ्यांत बाया जास्त होत्या, कारण घराजवळ ठरावीक वेळेचं काम त्यांना दुसरीकडे मिळत नाही. या योजना लहान होत्या आणि सरकार बदललं की त्यांच्यातला जीव जाई, कारण त्यांच्या मागे राखीव पैसा नव्हता.

शिकलेल्यांचं काय, हा प्रश्न उरतोच आणि हमीचं फावडं त्याचं उत्तर नाही. २०२४ साली राज्याच्या पोलीस भरतीत सतरा हजारांच्या आसपास जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले, त्यांत पदवीधर आणि अभियंते होते. त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन, सहा महिने. सरकारी कचेऱ्यांनी या मुलांना रिकाम्या पदांवर बसवून काम करून घेतलं. मुदत संपल्यावर ती पोरं आंदोलनाला बसली, यात नवल नाही. ज्या खुर्चीत काम आहे, पण पद भरलेलं नाही, तिथे माणसाला प्रशिक्षणार्थी म्हणणं हा अन्याय आहे. शिकलेल्यांच्या बेकारीवर सरकारच्या हातातलं पहिलं औषध म्हणजे मंजूर असलेली शिक्षकांची, आरोग्यसेवकांची, तलाठ्यांची रिक्त पदं वेळेवर भरणं.

बेरोजगारीचा अधिकृत दर तीन-साडेतीन टक्के आहे, मग एवढी ओरड कशाला, असं विचारलं जातं. आठवड्यात एक तास जरी काम केलं तरी साप्ताहिक मोजणीत माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या दुकानात बिनपगारी बसणारा भाऊही त्यातच येतो. गरिबाला बेकार राहणं परवडत नाही. तो काहीतरी करतोच, आणि म्हणूनच त्याचे हाल आकड्यांत दिसत नाहीत.

माझी मागणी सरळ आहे. महाराष्ट्राने १९७७च्या कायद्याची हद्द नगरपालिका आणि महापालिकांपर्यंत वाढवावी. नव्वद दिवसांच्या दाखल्याऐवजी नाक्यावरच नोंदणीचं टेबल लावावं. व्यवसाय कर आणि त्याच्या जोडीचे कर पुन्हा फक्त रोजगारासाठी बांधून ठेवावेत आणि जमा-खर्च दर वर्षी विधिमंडळापुढे वेगळा मांडावा. या कराची वरची मर्यादा राज्यघटनेने वर्षाला अडीच हजारांवर बांधलेली आहे आणि ती १९८८ पासून तिथेच आहे. ती वाढवायची तर संसदेला घटनादुरुस्ती करावी लागेल, ती मागणीही राज्याने करावी. पगाराच्या चिठ्ठीत दरमहा दोनशे रुपये कापलेले ज्यांना दिसतात, त्यांनी आपल्या आमदाराला एक पत्र लिहावं आणि विचारावं, की बेकाराला काम देण्यासाठी म्हणून सुरू झालेल्या या कराचा गेल्या वर्षीचा हिशोब कुठे आहे.